दुसऱ्याच्या कार्डावर

सुरतेत पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये मी सुपरवायझर होतो, तेव्हा धाकटे शेठ व्यवस्थापनाचं शिक्षण घेऊन नुकतेच धंद्यात उतरले होते. त्यांचे वडील नुसते ओरडायचे. हे दर सोमवारी आम्हा सुपरवायझरांना केबिनमध्ये बसवून चहा पाजायचे आणि नीतिमत्तेवर बोलायचे. वरचा माणूस खरा असेल तर खालचा खरा राहतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते मनापासून पटायचं. बी.एस्सी. होऊन रंगाच्या वाफेत दिवस काढणाऱ्याला कुणी ‘तुमचं मत सांगा’ म्हटलं की तो विरघळतोच.

त्याच भरात एका सोमवारी मी आमच्या खात्यातलं गुपित सांगून टाकलं. आमची बहुतेक माणसं खानदेशातली. लग्नसराईत कुणी गावी गेला की आपलं कार्ड भावाला नाहीतर मेव्हण्याला देऊन जायचा. तो याच्या नावावर काम करायचा आणि मी मस्टरवर गावी गेलेल्याची हजेरी लावायचो. एकाची नोकरी टिकायची, मशीन थांबायचं नाही. “हे बरोबर नाही,” मी म्हटलं, “बदली माणसाला त्याच्याच नावाने घेऊ या.” शेठ म्हणाले, विचार करू. वर माझ्या खरेपणाबद्दल सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. मी इतका खुळा, की घरी येऊन ते बायकोलाही सांगितलं.

तो विचार काही झाला नाही. ऐन लग्नसराईत एका सकाळी, बमरोलीत माझ्या शेजारच्या खोलीत राहणाऱ्याचा उजवा हात रोलरमध्ये गेला. तो थोरल्या भावाच्या कार्डावर कामाला होता. थोरला गावी, मुलीच्या लग्नाच्या गडबडीत.

त्याला रिक्षात घालेपर्यंत शेठनी मला आत बोलावलं. “भाऊ, दवाखाने में वही नाम लिखवाना जो कार्ड पे है. इलाज मुफ्त होगा. नहीं तो इसको कौन देखेगा?”

मी म्हटलं, बोटं धाकट्याची गेलीत आणि कागदावर थोरल्याची जातील. तो उद्या दहा बोटं घेऊन परत आला तर त्याला मशीनवर कोण घेईल? आणि याच्या हाती काय राहील?

“मस्टर तो आपके हाथ का है ना?” एवढंच ते म्हणाले, तेही सोमवारच्याच आवाजात. धमकी दिली असती तर मी भांडलो तरी असतो. खरं बोलावं तर दोघे भाऊ कामावरून जाणार, त्यांच्यामागे मी जाणार, आणि बाहेर रिक्षात रक्त थांबत नव्हतं. मला शेठचा संताप आला, पण त्याहून जास्त माझा आला, कारण मस्टरवरचं अक्षर खरोखरच माझं होतं.

कामगार विम्याच्या दवाखान्यात त्याची बायको आमच्या आधीच पोचली होती. व्हरांड्यात मी तिला कुठलं नाव सांगायचं ते सांगितलं. तिने पदर पुढे ओढला.

“ते मना जेठ शेतस, भाऊ. त्यासनं नाव कसं लेऊ? आन् मना धनी म्हनीसन?”

नवऱ्याचंसुद्धा नाव तिने कधी घेतलं नव्हतं. थोरला दीर दारात आला की ती आतल्या बाजूला जायची, त्याच्यासमोर कधी उभी राहिलेली मी पाहिली नव्हती. हे सगळं मला ठाऊक होतं. माझ्याही घरात तेच चालत होतं.

“वहिनी, नाव घ्या. नाहीतर ते त्याला आत घेणार नाहीत,” मी म्हटलं. खरं सांगितलं तर घेतील का, हे मी कुणाला विचारलंच नव्हतं.

खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, “धणीनुं नाम?”

ती बोलली. त्याला ऐकू गेलं नाही.

“जोरथी बोलो, बेन.”

तिने दिराचं नाव पुन्हा घेतलं, मोठ्याने. स्ट्रेचरवर तिच्या नवऱ्याने डोळे मिटून घेतले. शुद्धीत होता तो.

कारकुनाने कागद माझ्याकडे सरकवला. ओळखणाऱ्याची सही हवी होती. मी केली, खाली पूर्ण नाव लिहिलं. त्या कागदावर खरं नाव एकट्या माझंच होतं.