छातीभर पाण्यातला वर्ग

फोन आला तेव्हा आमच्या शाळेत परिपाठ सुरू होता. उन्हाळ्यातली सकाळची शाळा, मुलं अजून अर्धवट झोपेत, आणि मी तुमसरहून बसने येऊन नुकतीच रांगेपुढे उभी राहिले होते. प्रकाशभाऊंचं, म्हणजे माझ्या मैत्रिणीच्या, कुंदाच्या नवऱ्याचं नाव दिसलं म्हणून बाजूला होऊन फोन घेतला. ते एवढंच म्हणाले, "ताई, कुंदा गेली." आणि मी, खरं सांगते, विचारलं, "कुठं गेली? तलावावर?" पलीकडे भाऊंना रडू फुटलं, तेव्हा मला कळलं. पण माझा प्रश्न अगदीच वेडा नव्हता. डॉक्टरांनी अंथरुणातून उठायची मनाई केली होती, तरी त्याच आठवड्यात ती नवऱ्याचा डोळा चुकवून, शेजारणीच्या स्कूटीवर मागे बसून तलावावर जाऊन आली होती. कुंदा घरात नाही म्हटलं की ती कुठे असेल, हे आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं.

आता दीड महिना होत आला. तिच्यावर लिही, असं मला तिच्या लेकीने, अस्मिताने सांगितलं. मी शिक्षिका असले तरी लिहिणारी नाही. जे पाहिलं ते सांगते.

कुंदा आणि मी डी.एड.ला भंडाऱ्यात एकाच खोलीत राहिलो. ती वैनगंगेकाठच्या गावातली, एका बौद्ध कुटुंबातली. वडील पाटबंधारे खात्यात चौकीदार होते. त्यांनी मुलगा-मुलगी असा भेद न करता दोन्ही लेकरांना चालता येऊ लागताच नदीत पोहायला शिकवलं होतं. मी तुमसरच्या राइस मिलच्या गल्लीत वाढलेली, बादलीपेक्षा जास्त पाणी माझ्या अंगाला कधी लागलं नव्हतं. एका रविवारी आम्ही मैत्रिणी नदीवर गेलो. कुंदा ओढणी कमरेला बांधून सरळ आत शिरली, धारेत गेली आणि तिकडूनच ओरडली, "ये ना वो शालू! पानी खात नाही तुले!" मी घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसून राहिले. मी एवढी का घाबरते हे तिला कधी उमगलं नाही, आणि तिच्याकडे एवढा धीर कुठून येतो हे मला. तरी मैत्री टिकली. पुढे मला तुमसरजवळची शाळा मिळाली, तिला आंधळगावच्या बाजूची. लग्नं झाली, बदल्या झाल्या, पण दर एक-दोन महिन्यांनी भेट ठरलेली असायची.

बदल्यांनंतर ती ज्या गावात स्थिरावली तिथे मोठा जुना मालगुजारी तलाव आहे, मालगुजारांनी म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेला. अर्ध्या गावाची धानाची शेती त्याच्या पाण्यावर होते, आणि बायकांचं कपडे धुणंही तिथेच. एका पावसाळ्यात चौथीतली एक मुलगी आईबरोबर कपडे धुवायला गेली आणि पाय घसरून खोल पाण्यात पडली. आरडाओरडा शाळेपर्यंत ऐकू आला. कुंदा वर्गातून धावत सुटली, साडीनिशी उडी मारली, मुलीला बाहेर काढलं... पण उशीर झाला होता. त्यानंतर भेटली तेव्हा ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "शालू, काठावर इतक्या बाया होत्या. पोरीची माय होती. एकीलेही पोहता येत नव्हतं. त्यायचा काय दोस? आपनच कोनी शिकवलं नाही."

त्या उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर तिने दर रविवारी सकाळी मुलींचा वर्ग सुरू केला. पोहण्याचा. सलवार-कमीज घालायची, पाठीला रिकामे प्लास्टिकचे डबे बांधायचे, आणि छातीभर पाण्याच्या पुढे कोणी जायचं नाही. सुरुवातीला कोणी मुली पाठवायला तयार नव्हतं. ग्रामसभेत एकाने विचारलं, "मॅडम, पोरीयले काय मासोया धराले लावता का?" कुंदा शांतपणे म्हणाली, "नाही भाऊ. जित्या राहाले शिकवून राहिली." त्यावर कोणी हसलं नाही. ती घरोघरी गेली. "तुम्ही पाळीवर, तलावाच्या बांधावर बसून पाहा, मग ठरवा," एवढंच आयांना म्हणाली. पहिल्या वर्षी मोजक्याच मुली आल्या. त्यांतली एक रोशनी. पुढे तिचं लग्न त्याच गावात झालं, आता ती शिवणकाम करते. दहा-बारा वर्षांत रविवारचा वर्ग हा गावाच्या सवयीचा भाग झाला. उन्हाळा आला की मुली आपणहून घरातले डबे गोळा करायला लागायच्या.

मग तो ठिपका. डाव्या टाचेवर, काळा. शिंगाड्याचा काटा रुतून राहिला असेल असं समजून कुंदाने त्याकडे लक्ष दिलं नाही. तलावात शिंगाडा लावलेला असतो आणि त्याचे काटे पायात जाणं रोजचंच. पण काटा असता तर ठिपका वाढला नसता. नर्सिंग शिकणारी अस्मिता सुट्टीत घरी आली, तेव्हा आई पाय पसरून बसलेली असताना तिला तो दिसला. कडा वेड्यावाकड्या झालेल्या, एका बाजूने रक्त आलेलं. तिने आईला दुसऱ्याच दिवशी नागपूरला नेलं. मेलानोमा निघाला, त्वचेचा कॅन्सर. तळपायालाही कॅन्सर होतो, हे आम्हा दोघी मास्तरणींना ठाऊक नव्हतं. टाचेचा मोठा तुकडा कापून मांडीची कातडी तिथे लावली, जांघेतल्या गाठी काढल्या. वर्षभराने ती लंगडत पुन्हा पाण्यात उतरली. "जमिनीवर लंगडतो मी," म्हणायची, "पान्यात नाही लंगडत."

काही वर्षं बरी गेली. मग मागच्या पावसाळ्यानंतर तलावाची पाळ चढताना तिला दम लागायला लागला. पाय सुजायचे. "छातीत बेडूक उडी मारल्यावानी होते," असं ती फोनवर सांगायची आणि वर हसायची. साकोलीच्या एका डॉक्टरांनी ईसीजी पाहिला आणि लगेच नागपूरला जायला सांगितलं. भाऊंना त्या दिवशी निघता आलं नाही, म्हणून सोबत मी होते. तपासण्या झाल्यावर एका तरुण डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवलं आणि काहीही आडपडदा न ठेवता सांगितलं. हृदयाच्या भिंतीत, स्नायूतच गाठ आहे. पायातला जुना आजार रक्तातून तिथवर पोचला आहे. हृदयात कॅन्सर सुरू होणं फार दुर्मीळ, दुसरीकडून येऊन तिथे बसणं त्यापेक्षा जास्त आढळतं, आणि मेलानोमा तर हृदयापर्यंत जाणारा म्हणून डॉक्टरांना माहीतच असतो. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. प्रश्न विचारत होती ती कुंदाच.

"काढता येते का?"

"नाही. स्नायूतच पसरली आहे."

"थांबवता येते?"

"काही काळ, कदाचित. सलाइनमधून द्यायचं औषध आहे. ते लागू पडेलच असं मी सांगू शकत नाही."

"आणि पाणी?"

"पाणी बेताने प्या. अंगावर सूज आहे."

"पिण्याचं नाही हो मॅडम. पोहण्याचं. गावच्या मुलींना शिकवते मी."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "नाही. ठोका कधीही बिघडू शकतो. तुम्ही एकट्या असता तर गोष्ट वेगळी. पण मुली सोबत असतात म्हणता ना?"

त्या एका वाक्यानंतर कुंदा पुन्हा कधीही पाण्यात उतरली नाही. जिद्दी होती, पण बेफिकीर नव्हती. परतताना बसमध्ये ती भंडाऱ्यापर्यंत खिडकीबाहेर पाहत होती. मला रडू आवरत नव्हतं. नदीचा पूल आला तशी ती वळली. "कायले रडून राहिली? ऐक. तू पोहाले शिक."

"कुंदा, तुले काय सांगितलं डॉक्टरनं, अन् तू काय बोलून राहिली?"

"थेच बोलून राहिली. रोशनी हाय, पन एकटी हाय. पोरी वीस, हात दोन. मले आनखी एक बाई पाह्यजे पान्यात."

"माझं वय पाह्य. मले भेव वाटते, तुले माहीत हाय."

"माहीत हाय," ती म्हणाली आणि माझा हात धरून ठेवला. घर येईपर्यंत तो सोडला नाही.

अशी मी पन्नाशी ओलांडल्यावर तलावात उतरले. पाऊस सरला की जुन्या मुलींचा सराव सुरूच असायचा, म्हणून दर रविवारी पहिल्या बसने जायचं. अस्मिताची जुनी सलवार, पाठीला डबा. पाळीवर मोहाच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत कुंदा, गळ्यात शिट्टी. भोवती माझ्या निम्म्या उंचीच्या मुली, मला पाहून तोंडं दाबून हसणाऱ्या. पहिले कितीतरी रविवार मी फक्त पाण्यात तोंड बुडवायला शिकत होते, तेही जमत नव्हतं. एकदा मी रडकुंडीला येऊन बाहेर निघाले, तर वरून आवाज आला, "तोंड टाक, शालू! तोंड टाकल्यानं कोनी मरत नाही. मले पाह्य, मी काठावर बसून मरून राहिली!" आणि स्वतःच खदखदून हसली, हसता हसता दम लागून खुर्चीचा हात धरून वाकली. मी धावत वर गेले. तिने हातानेच खूण केली, जा परत.

औषध काही महिने लागू पडलं. गाठ वाढायची थांबली, थोडी आकसलीही. मध्ये हृदयाभोवती पाणी साठलं, ते सुईने काढावं लागलं. अंगावर चट्टे उठायचे, थकवा इतका की कप उचलवत नसे. बरी होईन, असं ती कधी म्हणाली नाही. "उन्हाळ्यापर्यंत," म्हणायची. कारण उन्हाळ्यात नव्या मुली येणार होत्या. दरम्यान गावात कुजबुज सुरू झाली की मॅडम नसल्यावर काही झालं तर जबाबदारी कोणाची. प्रश्न चुकीचा नव्हता. कुंदाने शाळेत आयांना बोलावलं आणि खुर्चीत बसूनच म्हणाली, "जबाबदारी तुमची. माझी होती तवरी माझी होती. आता दर रविवारी तुमच्यातल्या दोघी-तिघी पान्यात उतराल, तरच वर्ग होईल. नाही त बंद करा, आजच करा." आया एकमेकींकडे पाहू लागल्या. मग एक बाई म्हणाली, "मले त डबा बांधूनही बुडाचा भेव वाटते, मॅडम." कुंदाने माझ्याकडे बोट दाखवलं, "थ्या मॅडमले विचारा कसं करावं लागते." सगळ्या हसल्या. पुढच्या रविवारी साड्या गुडघ्यावर खोचून चार जणी उतरल्या.

आमची शेवटची भेट तिच्या खोलीत झाली. खिडकीजवळ खाट, सुजलेले पाय उशीवर. आदल्या रविवारी मी पहिल्यांदा डब्याशिवाय तरंगले होते, ते सांगायला गेले होते. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "भेव वाटला?"

"हो."

"अजूनही वाटते?"

"वाटते ना."

"मंग ठीक हाय. ज्याले भेव वाटत नाही त्याच्या हाती पोरी देऊ नोको." मग खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाली, "मलेही वाटते आता. ठोका चुकला का वाटते, हा शेवटचा त नाही... आयुष्यभर मले माहीतच नव्हतं भेव कसा असते. तू कशी राह्यली वो एवढे दिवस त्याच्यासंगं?" मी तिच्या पायाला हात लावून बसले. मग तीच म्हणाली, "चाल, जाऊ दे. चहा मांड. अन् नव्या पोरीयसाठी डबे कमी पडतीन, थे पाह्य."

ती गेली ती सकाळी, चहा घेऊन झाल्यावर, खाटेच्या कडेला बसून केस विंचरताना. प्रकाशभाऊ स्वयंपाकघरात होते. कंगवा पडल्याचा आवाज आला, आणि ते येईपर्यंत संपलं होतं.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला बुद्धविहारात माणसं मावली नाहीत, निम्मं गाव बाहेर उन्हात उभं होतं. वंदना झाली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं, मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. मग रोशनी उठली. तिने डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाली, "रविवारी वर्ग हाय. साऱ्या पोरी येजा." आणि बसली. त्या दिवशी तेवढंच एक भाषण मला आठवतं.

रविवारी मी पोचले तेव्हा पाळीवर कोण असेल, कोणी असेल की नाही, मला ठाऊक नव्हतं. मुली आल्या होत्या. आया आल्या होत्या, त्यांतल्या तिघी आधीच पाण्यात उभ्या होत्या. रोशनीने मोठ्या मुली पलीकडे नेल्या आणि एक नवी, पहिलीतली मुलगी माझ्या हाती दिली. बाहेरगावाहून नुकतं राहायला आलेलं कुटुंब होतं. तिने दोन्ही मुठींनी माझं मनगट असं पकडलं होतं की नखं रुतत होती. मी तिच्या पोटाखाली हात घातला, तिला पाण्यावर आडवं केलं. ती थरथरत होती. मीही.

"मॅडम," ती तोंड वर धरून म्हणाली, "साऱ्या पोरी कुंदा मॅडम, कुंदा मॅडम करून राहिल्या. कोन होत्या थ्या?"

पाळीवरच्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. पण तिचं वजन माझ्या हातावर होतं, आणि पाणी माझ्या छातीपर्यंत.

"सांगतो," मी म्हटलं. "आधी पाय मार."

तिने पाय मारला. पाणी माझ्या तोंडावर उडालं.

"अजून जोरात."