माहिती गोळा होत आहे

सोलापुरात वाचनालयाच्या ओट्यावर मी रोज संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवी. मुंबईच्या कौन्सिलातली प्रश्नोत्तरं आली, की मंडळी जांभया देत उठायची. बसून राहायचा तो एक धनगर, मांडीवर घोंगडी आणि कानामागे तळहात धरून. कुंभारीकडच्या त्याच्या वस्तीला विहीर हवी होती. तसा प्रश्न विचारायचं एका मेंबराने कबूल केलं होतं.

एकदाचा तो प्रश्न छापून आला. उत्तर नेहमीचंच: "माहिती गोळा करण्यात येत आहे." असल्या उत्तराचा अर्थ मला पाठ होता. मी चिडून पान उलटलं. तो मात्र लगबगीने उठला.

"म्हंजी सायेब निगालं म्हना की! वस्तीवर कुनीतरी पायजे."

त्यानंतर तो ओट्यावर आलाच नाही. भर उन्हाळ्यात टांग्याने त्या बाजूला गेलो, तेव्हा फाट्यावर बाभळीखाली दिसला. शेजारी ओलं फडकं गुंडाळलेला माठ. मी पाणी मागितलं. त्याने तांब्या अर्धाच भरून दिला आणि ओशाळून म्हणाला,

"रागवू नगा. पानी लई लांबनं आनावं लागतंय. ऱ्हायलेलं सायबाला ठिवलंय. मुंबईस्नं उनाचं येनार त्ये."