डमी अर्ज

युनूस मणेर दर निवडणुकीला उभे राहायचे आणि मतदानाआधीच बसायचे. "भाई, औंदा कितीला बसताय?" असं कुणी पारावरून विचारलं, की भाईसुद्धा सगळ्यांच्या बरोबरीनं हसायचे.

भाईंचं बांगड्यांचं दुकान. पौडच्या अलीकडचं गाव ते. तिथली एक सून अशी नाही, जिच्या मनगटाचं माप त्यांना तोंडपाठ नाही. गावचा पुढारी बहिरू ग्रामपंचायतीचा अर्ज भरायला पौडच्या तहसीलीत निघाला, की भाईंना गाडीत घालून न्यायचा. आपला अर्ज छाननीत उडालाच तर हाताशी असावा म्हणून भाईंचा डमी अर्ज. त्याच बैठकीत भाईंच्या माघारीच्या कागदावरही सही, आणि ती माघार बहिरूनं नेऊन द्यावी या अधिकारपत्रावरही. भाईंना पुन्हा पौडचा हेलपाटा नको, एवढी काळजी!

"लोकाच्या वरातीतला करवला, अन् त्योबी राखीव!" त्यांची बायको रहिमतबी म्हणायची. भाईंना राग यायचा, पण "न्हाई" हा शब्द काही तोंडातून निघायचा नाही.

यंदा मात्र बहिरूचा अर्ज खरंच उडाला. विरोधातल्या निरंजननं त्याच्या तिसऱ्या पोराचा जन्मदाखला पुढं केला. त्या पोराच्या बारशाला निरंजन स्वतः दोन पंगतींना जेवला होता, ही गोष्ट वेगळी.

झालं! भाई खरे उमेदवार झाले. बाया दुकानात येऊन बांगड्या भरता भरता मत देऊन जाऊ लागल्या. "चिन्ह कपबशी मागा," रहिमतबीनं बजावलं, "पोरंसोरंबी वळखत्यात." तिनं तेवढ्यासाठी ईदचा सदरा इस्त्री करून ठेवला.

भाईंना एकच घोर लागला होता. ते बहिरूकडं गेले. "ते माघारीचं कागद..."

"फाडलं की भाई! आता तुमीच आमचं उमेदवार." बहिरूनं चहा पाजला. दाखव म्हणायला हवं होतं. भाई चहा पिऊन आले.

माघारीच्या शेवटच्या दिवशी तीननंतर चिन्हं मिळणार होती. सदरा घालून भाई एसटीनं पौडला उतरले, तर तहसीलच्या पायरीवर बहिरू आणि निरंजन एकाच पुडीतली भजी खात होते. वॉर्ड निरंजनला बिनविरोध, सोसायटीचं चेअरमनपद बहिरूला, असं ठरलं होतं.

"भाई, कशापायी आलात उन्हाचं?" बहिरू म्हणाला. "तुमचं काम मी केलं की."

भाई आत धावले. टेबलापाशी बसलेल्या बाईंनी कागद त्यांच्यापुढं सरकवला. "काका, माघार आलीय. सही तुमचीच ना?"

भाईंनी पाहिलं. वळणदार, उर्दू शाळेत घोटलेली, लांब शेपटाची सही. ती नाकारायची म्हणजे खोटं बोलायचं.

"हाय माझीच. पन..."

"मग झालं. एकदा दिलेली माघार परत घेता येत नाही, काका."

बाहेर बहिरूनं पुडी पुढं केली. "घ्या भाई, गरम हायेत."

भाईंनी एक भजं घेतलं.

घरी पोचले तेव्हा रहिमतबी उंबऱ्यातच उभी होती. "मिळाली का कपबशी?"

भाईंनी सदरा काढला, घडी घातली आणि तिच्या हातात दिला.