एकाच फेरीचे मामा

मुंबईच्या हवेची काळजी एकट्याच्या डोक्यावर घेऊन हिंडणारा माणूस पाहायचा असेल, तर आमच्या हिच्या मामांना पाहावं. बस डेपोतून निवृत्त झालेले, लालबागच्या चाळीत तळमजल्यावर राहणारे. पाहुण्याने चप्पल काढायच्या आत विचारत, "कसो इलस? बसनं की टॅक्सीनं?" टॅक्सी म्हटलं, की चहात साखर कमी पडे.

ऑनलाइन खरेदी आली आणि मामांना उतारवयात जीवितकार्य सापडलं. ओट्यावर बसून ते डिलिव्हरीवाल्यांची वाहनं तपासू लागले. पेट्रोलची मोटारसायकल नापास. विजेवरची स्कूटर बरी, "पण वीज काय झाडाक लागता?" सायकल उत्तम, पण परळच्या पुलावर छाती फुटते, हे त्यांनी स्वतः चढवून पाहिलं आणि दोन दिवस बाम चोळत बसले. शेवटी निकाल लागला: वाहन कुठलंही असो, पहिला नंबर एकाच फेरीचा. सगळ्या चाळीने गुरुवारी, मामांच्याच नावावर मागवायचं आणि त्यांच्या खोलीतून घेऊन जायचं. पहिल्याच खेपेला एकोणीस खोकी आली, सगळ्यांवर मामांचं नाव. कुणाचं काय, हे कळायला ती ओट्यावर फोडावी लागली. वरच्या मजल्यावरच्या सावंतांचे काळेभोर केस कुठून येतात, हे त्या दिवशी चाळीला कळलं. सावंत महिनाभर बोलले नाहीत. पार्सल न्यायला मात्र येत.

आलेला माणूस चहाशिवाय सुटत नसे. मामी गेल्यापासून मामा एकटे होते. गाड्यांच्या फेऱ्या वाचवता वाचवता ते माणसांची वाट पाहत होते, हे मला फार उशिरा कळलं.

चाळीच्या जागी टॉवर झाला. खाली पार्सलच्या कुलपाच्या पेट्या बसल्या. गाडी दिवसातून एकदा येते, ज्याने त्याने कोड दाबून आपलं सामान न्यावं. सावंतांनी मुद्दाम विचारलं, "काय मामा, आता पहिला नंबर कुणाचा?"

मामांनी एका पेटीवर बोटाने टकटक केली. "पेटयेचो," म्हणाले. "खरा ता खरा." आणि अकराव्या मजल्यावरच्या आपल्या नव्या घरी निघून गेले.

मी राहतो माहीमला, पण साबण मामांच्या पत्त्यावर मागवतो. काल तो आणायला गेलो, तर रागावले. "माहीमचा सामान लालबागाक? खयच्या हिशोबात बसता ह्या?"

बसत नाहीच. त्यांना भेटावंसं वाटतं, एवढंच कारण, पण ते तोंडावर बोलवेना. "पुढच्या गुरुवारी तेल येतंय," मी म्हटलं.

"बसनंच ये," मामा म्हणाले आणि माझ्या चहात आणखी एक चमचा साखर घातली.