आकांक्षाशिवायचा मोसम

बडनेऱ्याच्या कुर्बानभाईंची हीना गोलकीपर झाली ती उंचीमुळे. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी इंगळे सरांनी तिला मुलींच्या घोळक्यातून बाजूला काढलं, दोन्ही हात वर करायला लावले आणि हातमोजे दिले. फुटबॉलमधलं तिला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं. पुढे जे कळलं ते आकांक्षामुळे.

आकांक्षा चांदूर बाजारची. ती स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यात उभी राहून आलेला हल्ला तिथंच तोडणारी. तिची जीभ पायांइतकीच चालायची. बॉल मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गेला की मागं न वळता ती हीनाशी बोलत सुटायची. रेफ्रीचं पोट, होस्टेलची पातळ भाजी, समोरच्या पोरीचे नवे बूट, कशालाच सोडायची नाही. मध्येच आवाज बदलून म्हणायची, "हीने, आता नीट उभी राय. येऊन राहिल्या त्या." हीना नीट उभी राहायची. दोन वर्षं अशी गेली. गोलकीपर मैदानावर एकटी असते, हे तिला कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं.

तिसऱ्या वर्षी संघ जुळून आला. पुढच्या फळीत रागिणी गोलावर गोल मारू लागली आणि अमरावतीतले सगळे सामने त्यांनी जिंकले. विद्यापीठाचं अजिंक्यपद यंदा आपलंच, असं इंगळे सरही दबक्या आवाजात म्हणू लागले. तेवढ्यात दिवाळीच्या सुट्टीत आकांक्षाला पाहायला अकोल्याचे पाहुणे आले. मुलगा चांगला, माणसं चांगली. नाही म्हणायला घरच्यांना कारण सापडेना.

"परीक्षा देऊ देतो म्हनतात," आकांक्षानं फोनवर सांगितलं.

"अन् खेळनं?"

"ते मी इचारलंच नाई."

लग्नाला सगळा संघ गेला, जेवला, नाचला. पुढच्या सोमवारी आकांक्षाच्या जागेवर शालू उभी होती. शालू खेळायला तिच्यापेक्षा उजवीच. पण तिचं तोंड उघडत नसे. एकदा बॉल दूर असताना हीनानं मागून विचारलं, "शालू, ऊन लागून राहिलं का गं तुले?" शालू दचकून वळली. "काय झालं? माझं काही चुकलं का?" त्यानंतर हीनानं काही विचारलं नाही.

संघ जिंकत गेला तसा हीनाकडे बॉल येईनासा झाला. गोल झाला की सगळ्या जणी तिकडे रागिणीच्या गळ्यात पडायच्या. हीना आधी धावत जायची. ती पोचेपर्यंत मिठ्या सुटून पोरी परत फिरलेल्या असायच्या. मग तिनं जाणं सोडलं. जागच्या जागी टाळ्या वाजवायची. संघानं अजून एकही गोल खाल्ला नाही, याचं सर कौतुक करायचे, तेव्हा त्यात आपलं काय, हे तिला समजत नसे.

अंतिम सामना अकोल्याला ठरला. हीनानं लगेच आकांक्षाला कळवलं. उत्तर आलं, "येतो मी. घर जवळच हाय. सासूबाई हाव म्हनाल्या."

सामन्याच्या सकाळी मैदानाच्या कुंपणाला लागून बरीच माणसं उभी होती. हीना तिथं नजर फिरवत राहिली. मध्यंतरापर्यंत रागिणीनं दोन गोल केले होते. उत्तरार्धात एक निळा दुपट्टा फाटकाशी दिसला आणि हीना तिकडे पाहत राहिली. तेवढ्यात शालूला चकवून समोरच्या संघाची एक पोरगी कोपऱ्यातून आली आणि बॉल जाळीत गेला. मोसमातला पहिला गोल. हीनानं फाटकाकडे पाहिलं, तिथं कोणीच नव्हतं. सामना दोन-एकनं जिंकला. ट्रॉफी उचलली, फोटो निघाले.

परतीची बस निघेपर्यंत जेवणाची सुट्टी होती. सरांना सांगून हीना ऑटोनं आकांक्षाच्या घरी गेली. दार सासूनं, शकुनबाईंनी उघडलं.

"ये वो बाई. तुयंच नाव घेत राह्यते हे. सकाळी मॅच पाहाले गेलती न, आल्यापासून गप गप हाय."

त्या चहा टाकायला आत गेल्या. आकांक्षा निळ्या दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती.

"तू आलती?" हीनानं विचारलं.

"फाटकापर्यंत. शालू माह्या जागेवर उभी होती. चांगली खेळून राहिली होती." तिनं बोटावरचा पीळ सोडवला. "मले आत पाय टाकवला नाई."

"मी तुलेच पाहून राहिली होती. त्यातच गोल खाल्ला."

आकांक्षा यावर काहीतरी बोलेल म्हणून हीना थांबली. दोन वर्षांत हिला शब्द सुचला नाही असं कधी झालं नव्हतं. चहा आला. शकुनबाईंनी आग्रहानं चिवडा वाढला, बडनेऱ्याच्या घरची चौकशी केली. निघताना आकांक्षा दारापर्यंत आली, हीनाचा हात धरून उभी राहिली, आणि आतून हाक आल्यावर सोडून गेली.

परतीच्या बसमध्ये पोरी गुलाल उडवत, गात होत्या. अमरावतीत कॉलेजपर्यंत मिरवणूक निघणार होती. बडनेरा आलं तशी हीना बॅग घेऊन उठली.

"अगं, मिरवणुकीला नाही येत?" सरांनी विचारलं.

"अब्बा थांबले असतील, सर."

कुर्बानभाई खरंच स्टॉपवर ऑटो लावून उभे होते. बस पुढे गेली, खिडक्यांतून पोरींनी हात हलवले.

"जीते?"

"जीते, अब्बा."

"फिर मुँह क्यूँ उतरा है?"

"थक गई."

त्यांनी तिच्या हातातली बॅग घेऊन ऑटोत ठेवली. घरी पोचल्यावर मिरवणुकीचे फोटो ग्रुपवर एकामागून एक येऊ लागले. सगळ्या जणी लिहीत होत्या. आकांक्षाचं नाव ग्रुपमध्ये अजून होतं. तिनं फोटो पाहिले होते, लिहिलं काहीच नव्हतं. हीनानं बऱ्याच वेळानं नुसतं "मुबारक" लिहिलं आणि हातमोजे धुवायला घेतले.