दिवाणजींच्या गादीमागची खुंटी

सांगलीच्या हळदपेठेतील एका पेढीचे दिवाणजी रामभाऊ यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांचा माझा परिचय कृष्णाकाठच्या देवळात झाला. मी पुराण सांगत असे आणि ते दाराशी बसत. पुढे बोलावले तर म्हणत, "शास्त्रीबुवा, पेढीवरून बोलावणं आलं तर मधूनच उठावं लागेल. तुमची कथा मोडायला नको." दुसऱ्याची अडचण आधी पाहण्याचा हा स्वभाव पुढे मी पुष्कळदा अनुभवला.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. माणसे पलटणीत गेल्याने हमालांची टोळी तोकडी होती आणि हळदीचा हंगाम भरात होता. तातोबा हमालाची बायको बाळंत झाली आणि तिला ताप भरला. तो दिवाणजींपुढे उभा राहिला. "आवं, घरात दुसरं बाईमानूस न्हाई. मी हितं आलो तर पोराकडं कोन बघनार?"

गणू मुकादम हसला. "गड्या, बाळंत ती झालीया, का तू रं?" सगळी टोळी हसली. शेटजी मात्र चिडले. "गेलास तर जागा गेली म्हणून समज!"

संध्याकाळी दिवाणजी माझ्याकडे आले. "मूल झालं की सोहेर बापालाही असतं ना?"

"असतं. दहा दिवस त्याच्याकडे पूजाअर्चा नाही."

"म्हणजे देव दहा दिवस थांबतो. मग पोती का थांबू नयेत?"

सोहेर म्हणजे विटाळ, एवढेच मी लोकांना सांगत आलो होतो. त्या दिवसांत घराला माणूस लागतो, हा विचार दिवाणजींनी माझ्यापुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी पेढीवर होतो. दिवाणजी शांतपणे म्हणाले, "शेटजी, नातू झाला तेव्हा आपणही दहा दिवस देवाला हात लावला नव्हता. तातोबाच्या घरीही सोहेरच आहे." "बरं, दहाच दिवस," म्हणत शेटजींनी वही पुढे ओढली. मग दिवाणजींनी तातोबाचा पोती ओढायचा लोखंडी आकडा आपल्या गादीमागच्या खुंटीला अडकवला. "तो येईपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही." गाड्या उशिरा सुटल्या. व्यापाऱ्यांची बोलणी दिवाणजींनी ऐकून घेतली, पण तातोबाला त्यातले अक्षरही कळू दिले नाही. अकराव्या दिवशी तातोबाने खुंटीवरून आपला आकडा उचलला. बायकोचा ताप उतरला होता.

पुढल्या हंगामात गणू मुकादम आपलाच आकडा घेऊन गादीपाशी घुटमळू लागला. तातोबाने ओरडून विचारले, "मुकादम, बाळंत ती झालीया, का तुमी?"

"गप रं! लेक झालीया," म्हणत गणूने मान खाली घालून आकडा खुंटीला अडकवला.

आता त्या खुंटीवर आकडा दिसला की पेठेतली माणसे आत डोकावून विचारतात, "कुणाच्या घरी पाळणा हलला?" कृष्णामाईच्या कृपेने दिवाणजींना निरामय शंभरी लाभो आणि त्या प्रश्नाला गादीवरून हसून उत्तर देण्याचे भाग्य त्यांना वारंवार मिळो.