बर्फातली डबी

केमो दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती. पुढे मूल व्हावं म्हणून त्याआधी वीर्य गोठवून ठेवायचं होतं. धुळ्याच्या लॅबमध्ये मला जमेना. त्यांनी डबी दिली, म्हणाले, घरून तासाभरात आणा, अंगाच्या उबेत ठेवा.

घरी जमलं, पण तापानं मला उठवेना. लॅबला पोचवायला डबी वडिलांच्या, आबांच्या हातात दिली; लाजेपायी उबेचं बोललोच नाही. गाय भरवायला येणारा डॉक्टर बैलाचं वीर्य गोठलेलंच आणतो, हे आबांनी जन्मभर पाहिलेलं. त्यांनी डबी थर्मासात बर्फात पुरली.

लॅबमधून फोन आला, "एकही जिवंत नाही." दुसऱ्यांदा मला जमलंच नाही. मी आबांवर खेकसलो.

"थंडामाच टिकस ना ते?" एवढंच ते म्हणाले.

सकाळी केमोचं सलाईन लागल्यावर आबा थर्मास घेऊन आले. आत मला प्यायला कोमट पाणी होतं.